कडू लागतंय का?

मला सापाची भीती नाही, चीड आहे. आमच्या वाडीत त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही. 'लांबडं' म्हणतात, आणि चावलं तर 'पान लागलं' म्हणतात. मी सरळ साप म्हणते. नाव टाळलं म्हणून त्यानं आमचं काय राखलं?

त्या दिवशी सकाळी धाकटी जाऊ आणि मी गाईंसाठी घास कापत होतो. ती एकदम किंचाळली. पायाशी घोणस, जाडजूड, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. जावेच्या घोट्यावर रक्त आलेलं. मी तिला धरून घरी आणलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

पण आधी पाला. पान लागलेल्याला कडुनिंब चावायला द्यायचा, ही इथली रीत. कडू लागला तर विष भिनलं नाही. चव कळली नाही तर माणूस गेलाच म्हणून बायका रडायला बसतात. सासूबाईंनी मूठभर पाला तिच्या तोंडात कोंबला. अंगणात सगळी वाडी जमली. तिची पहिलीतली लेक खांबाला धरून उभी होती.

"कडू लागतंय का गं?" सासूबाईंनी तिला विचारलं.

"लागतंय, आत्या. लई कडू हाय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेल्यांनी चहासुद्धा ठेवला! मी घसा फोडून ओरडत होते, "अहो, पाय बघा तिचा, केवढा सुजलाय!"

"कडू लागलंय न्हवं? मग कशाला बोंब मारती?" सासूबाई म्हणाल्या.

घरातले पुरुष डेअरीवर, फोन कोणी उचलेना. तेवढ्यात जावेनं पाला थुंकला. तो लाल होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी पळत जाऊन दुधाच्या टेम्पोला आडवी झाले.

संगमनेरच्या वाटेवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, कडू न्हाई लागलं. कायच चव न्हवती. पोरगी बघत हुती ना, म्हून..."

"अगं भवाने!" मी रडत ओरडले. टेम्पोवाल्याला सारखी म्हणत होते, दादा, पळव, पाया पडते तुझ्या.

दवाखान्यात इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, पाल्यानं काहीच कळत नाही, लगेच आणायचं होतं. संध्याकाळी ती गेली.

लेक आता माझ्याजवळच असते. यंदा पाडव्याला तिला कडुनिंबाची गोळी दिली, गूळ घालून. चघळत चघळत ती म्हणाली, "मोठी आई, कडूच न्हाई लागत."

माझ्या हातातलं ताट पडलं. तिला खाली बसवलं आणि तिचे घोटे, तळवे, बोटं चाचपत सुटले. गूळ मीच जास्त घातला होता, हे कळत होतं, तरी हात थांबेनात.

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग घाईघाईनं म्हणाली, "लागतंय, लागतंय. लई कडू हाय."