दुसरा बॉयलर

माझ्या नणंदेला आमच्या गल्लीत सगळे ‘दातवाल्या बाई’ म्हणायचे. त्या कवळ्या बनवायच्या. एका दंतवैद्याच्या प्रयोगशाळेत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. कितीतरी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. लग्न केलं नाही. आमच्याच घरात, स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत राहायच्या. त्या खोलीत पलंगाहून जास्त जागा धातू कातायच्या लेथने अडवली होती.

त्या लेथवर ताई रेल्वेचं इंजिन करत होत्या. शोभेचं नव्हे. उंचीला मांजराएवढं, पण आत कोळसा पेटवून खऱ्या वाफेवर पळणारं, मागे जोडलेल्या बुटक्या गाडीवर माणूस बसला तर त्यालाही ओढून नेणारं.

“लोकांच्या लेकी घरात भांडी घासतात,” सासूबाई म्हणायच्या, “आमची चाकं घासते.”

“भांडीही घासते की,” ताई म्हणायच्या. “आणि मोरीतल्या निळ्या बादलीत हात घालू नकोस. तांबं भिजत घातलंय, तेजाब आहे त्यात.”

चाकं झाली, सिलिंडर झाले, दांडे झाले. बॉयलर तेवढा राहिला आणि त्याच सुमारास ताईंचा उजवा हात थरथरायला लागला. प्रयोगशाळेच्या मालकाने त्यांच्याकडून कवळीत दात बसवायचं काम काढून घेतलं आणि त्यांना साच्यांचं प्लास्टर ओतायला बसवलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, गोळ्यांनी सावकाश वाढेल एवढंच. हे ताईंनी फक्त मला सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता.

“आईला बोलू नकोस. ती लेथवर चादर घालून मोकळी होईल. एक बॉयलर होण्याइतका हात शिल्लक आहे. तेवढा मला पुरे.”

गावाबाहेरच्या मैदानात अशी इंजिनं करणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबाने छोटे रूळ टाकले होते. तिथला नियम कडक होता. बॉयलर तपासून त्यावर शिक्का बसल्याशिवाय कुणाचंही इंजिन रुळावर चढत नसे. फुटलेला बॉयलर जवळच्या माणसाला भाजून काढतो, मग तो केवढाही लहान असो. तपासणी एक म्हातारे गृहस्थ करायचे. गोदीत जहाजांचे बॉयलर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती.

ताईंचा बॉयलर पाहून क्लबातली मंडळी उठून जवळ आली. तांब्याचा पत्रा वळवून केलेली टाकी, तिच्यातून आरपार गेलेल्या नळ्या, मागे कोळशाची पेटी. सगळे सांधे चांदीने झाळून जोडलेले आणि इतके गुळगुळीत, की दागिनाच वाटावा. म्हाताऱ्यांनी मात्र बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला, हातपंप जोडला आणि ते दांडा दाबायला लागले. वाफ जेवढा जोर लावेल त्याच्या दुप्पट जोर पाण्याने लावून बघायचा असतो. दाब दाखवणारा काटा निम्म्यावरही गेला नव्हता, तोच पेटीच्या कोपऱ्यावर पाण्याचे मणी उमटले.

म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो कोपरा बोटाने चाचपला. “इथली चांदी कुठे गेली?”

“घासली,” ताई म्हणाल्या. “गुळगुळीत केली.”

“कशासाठी?”

“जिभेला लागतं ना,” ताई बोलून गेल्या आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं.

“बाई,” म्हातारे शांतपणे म्हणाले, “बॉयलरला जीभ नसते. तो जाडा काठच सांधा धरून ठेवतो. तुम्ही सगळीकडचा काढलात, शेजारचा पत्राही खरवडलात. हा मी पास करणार नाही.”

परतीच्या वाटेवर ताई बॉयलर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तो धरलेला हात थरथरत होता. “एवढाच हात होता,” त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला आमच्या ह्यांनी समजूत काढली. “ताई, पुरे आता. काचेच्या कपाटात ठेवू. दिसतंय किती छान.”

“तोंडात न जाणारी कवळी आणि रुळावर न जाणारं इंजिन, दोन्ही ठेवायला माझ्याकडे कपाट नाही. आमटी वाढ.” आणि मग, वाढून घेताना, त्यांनी स्वतःच हाताचं सगळ्यांना सांगून टाकलं. पण सासूबाईंनी लेथवर चादर घातली नाही.

दुसऱ्या बॉयलरला ताईंनी रीत बदलली. पहिल्या वेळी एका हातात गॅसचा बर्नर आणि दुसऱ्या हाताने सांध्यावर चांदीची तार, असं केलं होतं. आता तार तशी धरली तर भलतीकडेच टेकायची. म्हणून त्यांनी तारेची बारीक कडी वळली आणि तापवण्याआधीच प्रत्येक नळीच्या गळ्यात घालून ठेवली. बर्नर पकडीत आवळून पक्का केला. बॉयलर ठेवला फिरत्या स्टुलावर, आणि स्टूल फिरवलं डाव्या हाताने. “हात माझा हलतो,” म्हणाल्या, “कडं कशाला हलेल?” तांबं लाल झालं, कडी दिसेनाशी झाली आणि चांदी चमकत सांध्याभोवती फिरली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

थंड झाल्यावर दिसलं ते ओबडधोबड होतं. सांध्यांवर जाड, खडबडीत काठ. ताई कानस घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. “असलं काम मी जन्मात कुणाच्या हातात दिलं नसतं.”

“ताई, ती कानस ठेवा खाली,” मी म्हटलं.

त्यांनी ती सासूबाईंच्या हातात दिली. “तुझ्याजवळ ठेव. मागितली तरी देऊ नकोस.”

आणि मागितली. एकदा गोड बोलून, एकदा चिडून. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. “तूच सांगितलंस ना? मग जा. प्लास्टर ओत.”

दुसऱ्या तपासणीला कुणी जवळ आलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. म्हाताऱ्यांनी पंप दाबला. काटा पहिल्या वेळच्या जागेवरून पुढे गेला, निम्म्यावर आला, दुपटीला पोचला. मग त्यांनी दांडा सोडला आणि खुर्ची ओढून बसले. पाणी कुठून झिरपलं तर काटा उतरतो, म्हणून वाट पाहायची. ताई उभ्याच. हात खिशात. काटा होता तिथेच राहिला.

“कुरूप आहे,” म्हातारे म्हणाले.

“हो,” ताई म्हणाल्या.

“असाच हवा.” आणि त्यांनी तांब्यावर शिक्का ठोकला.

पुढच्या सुट्टीला आम्ही सगळे मैदानात गेलो. ताईंनी कोळसा पेटवला, वाफ चढली. बुटक्या गाडीवर गुडघे कानाशी घेऊन त्या बसल्या आणि डाव्या हाताने वाफेचा दांडा हळूच उघडला. इंजिनाने दोनदा धाप टाकली आणि ते त्यांना घेऊन निघालं. वळण घेऊन आमच्यासमोरून गेलं तेव्हा सासूबाईंनी हात वर केला.

ताईंनी वर पाहिलं नाही. त्यांचे डोळे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर होते.

“बघतही नाही बाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि गाडी पुन्हा येईल त्या बाजूला खुर्ची वळवून बसल्या.