विमानातली कारसीट आणि म्हसळ्याचं आमचं ऑफिस

तिकीट घेऊन माणूस निघून जातो, किस्सा मात्र आमच्या काउंटरवर विसरून जातो. परत न्यायला कोणी येत नाही. मग ते साठतात. डॉक्टरकडे आणि वकिलाकडे किस्से असतात असं लोक म्हणतात. त्यांनी एकदा ट्रॅव्हल एजंटकडे येऊन चहा प्यावा!

आमचं ऑफिस म्हसळ्याला, एसटी स्टँडजवळ. मालक हनीफभाई, उमेदीची सगळी वर्षं कुवेतला काढून आलेले. एअरपोर्टला सोडायला एक इर्टिगा. ती कागदोपत्री हनीफभाईंची, पण खरी दत्ता ड्रायव्हरची. आणि तिकिटांच्या कॉम्प्युटरसमोर मी.

आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. पूर्वी तो एकटा जायचा. आता बायकोपोरं घेऊन जातो, आणि तिकडे गाडीत पोराला कारसीटशिवाय बसवलं की दंड. त्यामुळे हल्ली प्रवाशाच्या आधी त्याच्या पोराची खुर्ची आमच्या दारात येते. त्यातच कोणीतरी शोध लावला की पोराचं वेगळं तिकीट असेल तर हीच सीट विमानातही लावता येते. झालं! तिकिटं विकता विकता आम्ही कारसीटचे सल्लागार होऊन बसलो.

पहिला फोन आला तो श्रीवर्धनहून. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कन्व्हर्टिबल भाड्याने मिळेल का?"

बाळ तान्हं असताना मागे तोंड करून आणि मोठं झालं की पुढे तोंड करून लावता येते, ती कन्व्हर्टिबल सीट. हे आज आम्ही झोपेतही सांगू. तेव्हा कोणाला ठाऊक!

हनीफभाईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "मॅडम, कन्व्हर्टिबल म्हणजे ती टप उघडी गाडी ना? शेख लोक फिरवतात ती?"

मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

हनीफभाईंनी गिऱ्हाईक कधी परत पाठवलेलं नाही. फोनवरचा हात काढून ते अदबीने म्हणाले, "वहिनी, कन्व्हर्टिबल न्हाय, पण टेम्पो हाय. त्याला मुळात टपच न्हाय!"

* * *

मग माणगावचा पराग आला. मस्कतला नोकरी लागलेली, बरोबर बायको श्वेता आणि मुलगा अर्णव. अर्णवसाठी त्याने बाजारातली सगळ्यात भारी सीट आणली होती. सीट कसली, सिंहासनच! दोन्ही बाजूंना पेले ठेवायची सोय, डोक्याला उशी, आणि वजन असं की दत्ता ती उचलून आत आणताना देवाचं नाव घेत होता.

"विमानात मावेल ना?" श्वेताने विचारलं.

हनीफभाईंनी ऑफिसातली लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. "विमानातली सीट आणि ही खुर्ची, रुंदीला सारखी. आयुष्यभर दोन्हींवर बसलोय. माझ्या कमरेला माहीत हाय!"

कारसीट खुर्चीवर ठेवली. बसली की! अर्णवला वर बसवलं. तोही बसला. परागने फोटो काढला, मी टाळ्या वाजवल्या, दत्ताने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मस्कतला पोचल्यावर परागचा फोन आला. आवाज थंड होता. सीट विमानातल्या खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये शिरलीच नव्हती. क्रूने ती खाली सामानात पाठवली. अर्णवला साधा बेल्ट नको होता, त्याने भोकाड पसरलं आणि अख्खा प्रवास परागच्या मांडीवर केला.

"आणि त्याच्या जागेवर?" मी विचारलं.

"श्वेताची पर्स," पराग म्हणाला. "बेल्ट लावून. त्या जागेचं तिकीट होतं ना!"

फोन ठेवून मी लाल खुर्चीकडे नीट पाहिलं. तिचा एक हात कधीच मोडलेला होता. त्या बाजूने आमच्याकडे हत्तीसुद्धा मावला असता.

* * *

यानंतर आम्ही शहाणे झालो. कोणीही विचारलं की मी पोपटासारखी सांगायची: सीट अरुंद घ्या, हलकी घ्या, आणि विमानात चालते असं छापलेलं लेबल सीटवर आहे का ते बघा. लेबल नसेल तर काउंटरवर अडवतात.

चौलच्या सावित्रीकाकूंची मुलगी मेघना लंडनहून बाळ घेऊन माहेरपणाला आली होती. तिच्या सीटवर लेबल होतं. जाड, चकचकीत, तांबड्या अक्षरांचं. परतायचं तिकीट माझ्याकडून बदलून घेताना तिने ते मला फोटोतून दाखवलंही होतं. मी निर्धास्त.

एअरपोर्टच्या काउंटरवरून मेघनाचा रडवेला फोन आला. "ताई, लेबल नाहीये! परवापर्यंत होतं!"

मी चौलला फोन लावला. काकू सुपारी सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हो, मीच काढलं ते. पोरीची सीट पुसून काढत होते. किमतीचा कागद असा मिरवत न्यायचा का? खोबरेल तेल लावलं, अलगद निघालं!"

"काकू, फेकलंत कुठे?"

"फेकते कशाला? इतकं चांगलं जाड होतं! डिंक लावून लोणच्याच्या बरणीला चिकटवलं. एकात तिखट, एकात गोड, घरात कोणाला कळत नाही. तांबडी अक्षरं म्हणून तिखटाला लावलं."

शेजारच्या मुलीकडून काकूंनी बरणीचा फोटो पाठवला. तो मी मेघनाला पाठवला, मेघनाने काउंटरवर दाखवला. काउंटरवरची मुलगी गंभीरपणे वाचत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ह्या लेबलप्रमाणे लोणच्याला विमानात बसायला काहीच हरकत नाही. बाळाचं मला सरांना विचारावं लागेल."

सर भले होते. त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर तीच सीट शोधली, मॉडेल जुळवलं आणि बाळाला सोडलं. काकूंना हे कळवलं तर म्हणाल्या, "मग लोणचं पण द्यायला हवं होतं की बरोबर!"

* * *

एवढी मागणी बघून हनीफभाईंनी भाड्याने द्यायला एक सीट विकत घेतली. घेताना डबा उलटासुलटा करून वाचला आणि दुकानदाराला म्हणाले, "एक्स्पायरी डेट? सीट हाय का दूध हाय?"

* * *

आता हा जरा वेगळा किस्सा. हसण्यासारखा आहे, पण तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

म्हसळ्याचीच शबनम दुपारच्या विमानाने दोह्याला निघाली होती. बरोबर झैद, नुकताच बसायला लागलेला, आणि पोचवायला सासू. झैदला आमच्या भाड्याच्या सीटमध्ये मागे तोंड करून बसवलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "शाळेत मास्तर भिंतीकडं तोंड करून उभं करतो तसं केलंय माझ्या पोराला! काय गुन्हा केला त्याने?"

शबनम म्हणाली, "अम्मी, लहान बाळांची मान नाजूक असते."

"तुझ्या नवऱ्याला मी मांडीवर घेऊन मुंबईला नेलेलं. त्याची मान बघ, कशी ताठ हाय!"

माणगावच्या रस्त्याला एका वळणावर म्हैस आडवी आली. दत्ताने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि बाजूच्या गटारात उतरून दरडीवर आपटली. दत्ताच्या कपाळाला खोक पडली. शबनमचा ओठ फाटला. सासूबाईंचा हात मोडला, झैदला धरायला तो त्यांनी पुढे टाकला होता म्हणून.

झैदला ओरखडासुद्धा नव्हता. त्याला वाटलं पाळणाच हलला. तो हसत होता.

दत्ताचा फोन आल्यावर मी आणि हनीफभाई रिक्षाने पोचलो, तर सासूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेल्या. समोर ती सीट, बाळासकट गाडीतून काढून ठेवलेली. मोडका हात पदरात आणि धडका हात सीटच्या पट्ट्यावर. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, "आजी, बाळाला काढून आईकडे द्या."

"हात नको लावू!" त्या ओरडल्या. "हाय तसाच ने!"

दवाखान्यापर्यंत झैद सीटमध्येच गेला. तिथेही नर्सला तो सोडवून घ्यायला बराच वेळ लागला, पट्ट्यांमुळे नाही, आजीमुळे. पुढच्या आठवड्यात शबनम गेली तेव्हा सासूबाई प्लास्टरमधल्या हाताने स्वतः नव्या सीटचं बकल तपासून म्हणाल्या, "मागं तोंड हाय ना नीट?"

इकडे ऑफिसात दुसराच वाद. मी पुस्तिका वाचून सांगितलं की अपघात झाला की सीट बाद करायची, वरून दिसली नाही तरी आत तडा असू शकतो.

"बाद?" हनीफभाई म्हणाले. "मग ह्या हिशेबाने दत्तालाही बाद करायला पाहिजे!"

दत्ता कपाळावरची पट्टी चाचपत म्हणाला, "मी कुठं गॅरंटीत होतो?"

पण दुपारी मी जेवून आले तर हनीफभाई एकटेच खाली बसले होते. चुलीसमोर बाई बसते तसे. मोठ्या कात्रीने त्यांनी सीटचे सगळे पट्टे कापून टाकले, म्हणजे भंगारातून उचलून कोणी दुसऱ्या पोरासाठी वापरू नये. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनीच झाली होती. घाण वास मारत होती."

* * *

आणि हा हनीफभाईंचा स्वतःचा. तो त्यांनीच आम्हाला सांगितला, आणि शपथेवर सांगितला.

त्यांची मुलगी रुक्साना शारजाला. दुसरं गरोदरपण अवघड निघालं, डॉक्टरने पलंगावरून उठायला मनाई केली. जावई जहाजावर. हनीफभाईंची बायको आधीच लेकीजवळ गेली होती, पण आजारी लेक आणि तीन वर्षांची नात आयशा, दोघी तिला झेपेनात. ठरलं असं, की हनीफभाईंनी जाऊन आयशाला म्हसळ्याला आणायचं. इथे सून होतीच.

रुक्सानाने एकच अट घातली. "अब्बा, आयशा मोकळी राहिली तर विमानात पायलटच्या मांडीवर जाऊन बसेल. आमच्या गाडीतली सीट विमानात मावत नाही. तिथून चांगली अरुंद सीट घेऊन या. नाहीतर मी तिला पाठवणार नाही."

हनीफभाईंनी सीट निवडायला घेतली ती सुनेचं स्थळ बघावं तशी. एक रुंद म्हणून नापास, एकीचं लेबल फिकट म्हणून नापास. एक सीट दत्ताच्या खांद्यावर देऊन त्याला स्टँडपासून ऑफिसपर्यंत चालायला लावलं. दत्ता घामाघूम झाला, सीट नापास. शेवटी एक पसंत पडली. मग सराव. पोरगी कुठून आणणार? आयशाच्या वजनाचा एक फणस आणला आणि रोज तो बांधायचा, सोडायचा, बांधायचा.

दिवेआगरचं एक गिऱ्हाईक आत आलं आणि पट्ट्यांत जखडलेला फणस बघून थबकलं. "हा कुठं चाललाय?"

"शारजाला," दत्ता म्हणाला.

निघायचा दिवस आला. सीट सामानात टाकून आपटू द्यायला हनीफभाई तयार नव्हते. विमान अर्धं रिकामं होतं, म्हणून क्रूने सीट आत न्यायला दिली. हनीफभाईंनी ती शेजारच्या खिडकीच्या जागेवर पट्टे ओढून पक्की बसवली आणि तिच्यावर हात ठेवून बसले.

थोड्या वेळाने दुसरी हवाई सुंदरी रंगीत खडू आणि चित्रांचं पुस्तक घेऊन आली. "बेबी कुठेय, अंकल?"

"ती आता न्हाय," हनीफभाई म्हणाले. "मी एकटाच हाय."

मुलीचा चेहरा बदलला. रिकाम्या सीटकडे बघत तिने हळूच विचारलं, "आता कोणाजवळ आहे ती?"

"तिच्या नानीजवळ. नानी गेल्या महिन्यातच गेली ना. आता तीच सांभाळते तिला वर."

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर! रुक्सानाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्या मुलीने खडू छातीशी धरले आणि ती आत निघून गेली. परत आली ती डोळे पुसत, दुप्पट खीर घेऊन. पलीकडच्या बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी आपली मिठाई हनीफभाईंच्या ट्रेवर ठेवली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही हात उचलून दुआ मागितली. हनीफभाईंना आधी वाटलं, विमानात काहीतरी बिघाड झालाय!

"मग तुम्ही खरं सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगणार होतो, मॅडम. पण लोक इतकं चांगलं वागत होते!"

आठवड्याने ते आयशाला घेऊन परत निघाले. एका खांद्यावर आयशा, दुसऱ्या खांद्यावर सीट. विमानाच्या दारात प्रवाशांना हात जोडायला तीच मुलगी उभी. तिने हनीफभाईंना ओळखलं, सीट ओळखली, आणि मग खांद्यावरच्या पोरीकडे बघत राहिली. जोडलेले हात तसेच राहिले.

"ही... कोण?"

"हीच ती," हनीफभाई म्हणाले. "आयशा."

मुलीने एक बोट पुढे करून आयशाच्या गालाला लावून बघितलं. आयशा शहाणी पोर. निघताना घरातून शिकवलं होतं तसं तिने कपाळाला हात लावला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "नानीने तुम्हाला सलाम सांगितलाय."