आवाजाचे कार्ड

जुन्या संगणकाचे पत्र्याचे झाकण काढले की आतून एक वास येई. तापून निवलेल्या धुळीचा, काहीसा घासायला काढलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. वसईजवळच्या सांडोरच्या आमच्या घरात, नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या त्या रविवारी, हा वास अंगणात सुकेळ्यांसाठी वाळत घातलेल्या केळ्यांच्या, उन्हात मुरणाऱ्या गोडव्यात मिसळून गेला होता. चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो होतो, बागेतल्या केळींच्या पानांवरून हिवाळ्याचे पातळ ऊन ओट्यावर उतरत होते, आणि मी चादर अंथरून संगणक तिच्यावर आडवा घातला होता.

लीना, आमची एकुलती मुलगी, परिचारिका होऊन इंग्लंडला गेली त्याला दुसरा हिवाळा लागला होता. तिचा आवाज आम्हाला भेटे तो नाक्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये, काचेच्या दारामागे, समोर बिलाचे लाल आकडे पळत असताना. माझा जन्म हिशेबात गेलेला. काय बोलायचे ते घरूनच ठरवून निघायचे ही शिस्त मीच लावलेली. तब्येत, जेवण, थंडी, प्रार्थना, एवढे झाले की फोन ठेवायचा. माझी पत्नी मोनिका ते एका श्वासात उरकी, आणि परतताना केळीच्या बागांमधल्या वाटेवर उरलेले सारे मला सांगत येई, जणू मीच लीना. शेजारणीची सून, विहिरीचे पाणी, स्वप्नात आलेले काहीबाही. मी हुंकार देत चाले.

मग लीनानेच उपाय सुचवला. संगणकात दोन कार्डे बसवा, म्हणाली. एक टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारे मोडेमचे, दुसरे आवाजाचे, माईक-स्पीकरसाठी. मग हवे तितके बोलू. त्या रविवारी तिला सुट्टी होती, पुढे नाताळ उलटेपर्यंत सलग ड्युट्या. जमले तर आजच जमायचे होते.

वसईतल्या दुकानदाराने कार्डे हातात देताना बजावले होते, "काका, दोघांना शेजारी-शेजारी बसवू नका, भांडतात." मी हसण्यावारी नेले. खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवली, स्क्रू बशीत काढले, मागच्या पत्र्याच्या पट्ट्या सोडवल्या आणि दोन्ही कार्डे सोयीच्या, म्हणजे लगतच्याच खाचांत दाबली. मोडेम संगणकाने ओळखला. आवाजाच्या कार्डाला मात्र तो ओळखच देईना. काढले, लावले, पुन्हा काढले. मोनिका दारात येऊन झाले का विचारी. मग तिने विचारणे सोडले, आणि ते न विचारणे मला फार जड गेले. कार्ड उजेडात धरले तेव्हा त्याच्या कडेच्या सोनेरी दातांवर मळकट साय धरलेली दिसली. आमच्या खाऱ्या वाऱ्यात दाराची कडी टिकत नाही, तिथे दुकानात पडून राहिलेल्या कार्डाचे काय. लीनाच्या शाळेच्या कंपासपेटीतला खोडरबर काढून मी ते दात हळूहळू घासले. काळ्या वळ्या चादरीवर पडत गेल्या, खालचे सोने उजळले. मग दुकानदाराचे ऐकून ते कार्ड दूरच्या खाचेवर ठेवले आणि, काही मोडले की काय अशी धडकी भरवणारा आवाज होईपर्यंत, दोन्ही अंगठ्यांनी दाबले.

दुपार कलताना मोडेम किरकिरला, कण्हला, शांत झाला, आणि आमच्या खोलीत लीना म्हणाली, "आई?"

मोनिका माईकपुढे उभीच राहिली. इंग्लंड दूर, म्हणून ओरडून बोलली. तब्येत, जेवण, थंडी, प्रार्थना. एका श्वासात आटोपून ती म्हणाली, "बरं, ठेवते हं," आणि माझ्याकडे वळली. माझे बोटही सवयीने जोडणी तोडायला निघाले होते.

"ठेवू नको गं आई," लीना म्हणाली. "इथे ते लाल आकडे नाहीत. बाबा, तिला खुर्ची द्या बघू."

खुर्ची दिली. पण पुढे बोलायचे काय, हे कोणालाच सुचेना. इतके दिवस वाटेवर सांडलेले ते सारे कुठे गेले होते कोण जाणे. शेवटी लीना म्हणाली की ती स्वयंपाकाला लागते, आम्ही नुसते बसावे. आम्ही बसलो. नळ सोडल्याचा आवाज आला, मग फळीवर सुरीचा, मग तेलात कांदा पडल्याचा. मोनिकाने परसातल्या वालाच्या शेंगा मांडीवर घेतल्या आणि सोलू लागली. एकदाच ती, आमच्या घरच्या बोलीत आणि अगदी हळू, म्हणाली की आच कमी कर, करपेल. पलीकडे बटण फिरल्याचा टक् असा आवाज झाला.

"केली," लीना म्हणाली.

लेक दूर गेली म्हणजे बोलणे तुटते, असे मी धरून चाललो होतो आणि तेवढ्याचीच तजवीज करीत आलो होतो. तिच्याजवळ गप्प बसणेही तुटलेले असते, हे माझ्या मांडणीत कुठेच नव्हते.

मग जोडणीच तुटली. पुन्हा जोडायला मी हात पुढे केला, तर मोनिका म्हणाली, "राहू द्या. जेवू दे तिला." ऊन ओट्यावरून उतरून गेले होते. शेंगा संपल्या होत्या, तरी ती खुर्चीवरून उठली नाही.