पंचफुलाबाईनं लावलेली झालर

पंचफुला रामटेकेला भिलाईत भांडखोर म्हणत. म्हणोत! नळ कोरडा पडला की क्वार्टर-ऑफिसात खुर्ची ओढून बसणारी सेक्टरात ती एकटीच होती, आणि ती बसली की पाणी येई. नवरा चंपत कारखान्यात रोलिंग मिलला. ही घरी पायमशीनवर ब्लाउज, फ्रॉक शिवे. शिक्षण चौथी. पण साहेबानं नियमाचं पुस्तक पुढं टाकलं की बोट ठेवून अक्षरन् अक्षर वाची, आणि मग साहेबालाच नियम शिकवी.

चौऱ्यांशी साली तिची शैला जिम्नॅस्टिकमध्ये चमकत होती. बारा वर्षांखालच्या मुलींचा संघ इंदूरला जायचा होता, आणि शैलाचं त्या गटातलं हे शेवटचं साल. कोच म्हणाला, "बहनजी, लिओटार्ड चाहिए. फ्रॉक में नंबर कटेंगे."

लिओटार्ड म्हणजे गळ्यापासून जांघेपर्यंत अंगाला घट्ट बसणारा एकच कपडा. पोरी त्याला कास्टूम म्हणत. साहेबांच्या पोरींचे दिल्लीहून आले होते.

"दिल्लीवाल्याले काय चार हात हायेत?" म्हणून पंचफुला मशीनवर बसली.

पहिला कास्टूम तिनं ब्लाउजसारखा, पोरीला ताठ उभं करून माप घेऊन शिवला. शैलानं कमान टाकताच पाठीची शिवण तटतट तुटली. मग माप घेतलं पोरीला वाकवून: खांद्यावरून, दोन पायांमधून, परत खांद्यावर. कापड दोन्ही हातांनी पुढं-मागं ताणून धरत शिवलं, म्हणजे दोऱ्यालाही ताणायला जागा मिळावी. तरी दुसराही बिघडला. तिसरा बसला. मरून रंगाचा, एक सुरकुती नाही.

आणि मग गुलाबराव आले. बुद्धविहाराच्या कमिटीतले वडीलधारे. सभेत पंचफुलाच्या हातात पहिल्यांदा माइक दिला तो यांनीच.

"पंचफुला, पोट्टीचं खेळणं बंद कर असं मी नाही म्हणत. पन कंबरेले एक झालर लाव. चार लोकं पाहून राहिले. बोल आपल्यालेच लागते."

"झालर कावून, भाऊ? थे काय नाचाले चालली?"

"लय शिकली तू. येवढं तं ऐक."

साहेबाला घाम फोडणारी बाई इथं मात्र मुकाट मशीनवर बसली. चार बोटं रुंद झालर तिनं स्वतःच्या हातानं लावली. शैला कुरकुरली, "आई, सर ने पूछा तो?"

"सांगजो, आईनं लावली."

निवडीच्या दिवशी शैलाचा बीम होता. बीम म्हणजे वीतभरही रुंद नसलेली उंच तुळई. उडी मारून, कंबरेजवळ दोन्ही तळवे टेकवून, जोर देऊन वर चढायचं. शैलानं तळवे टेकवले, आणि झालर नेमकी तळव्याखाली दबली. तिनं पाय वर घेतला, कंबर खाली ओढली गेली, टर्रकन आवाज झाला आणि पोरगी गादीवर आदळली. दुसऱ्यांदा चढली, पण एक हात फाटकी झालर सावरण्यातच. यादीत नाव आलं नाही.

कोच हळहळला. "इतना बढ़िया सिला था, बहनजी. ये झालर किसने जोड़ी?"

"मैंने," पंचफुला म्हणाली. पुढं भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं.

वाटेत शैला एकच वाक्य बोलली. "तू तं कोनालेच भेत नाही म्हणते नं, आई?"

पंचफुलानं तिला घराशी सोडलं, लोंबणारी झालर ओढून काढली आणि तशीच गुलाबरावांच्या दारात गेली. "हे घ्या. लय कामी आली तुमची झालर."

"बस, चहा घे," गुलाबराव म्हणाले. "पोट्टी हाय, पुढच्या साली जाईल."

"पुढच्या साली थे अठरा वर्षांच्या पोरींत खेळंल, भाऊ! नंबर लागंल तिचा?"

गुलाबरावांनी झालरीचे टाके बोटानं चाचपले. मग शांतपणे म्हणाले, "मी तं नुसतं सांगितलं होतं. शिवली तं तूच नं?"

चहा न घेता ती परतली. ब्लेडनं उरलेले टाके काढले. ताणाच्या कापडात सुईची भोकं राहतात, इस्त्रीनंही जात नाहीत. कंबरेभोवती ती रांग तशीच राहिली. शैलानं तो कास्टूम पुन्हा घातला नाही.

महिन्याभरानं शेजारच्या सिंधुताई आपल्या पोरीसाठी कापड घेऊन आल्या. "तुमच्या शैलासारखाच शिवजा. अन् झालर लावजा बरं, आमच्या ह्यांनी सांगितलं."

"ह्यांनाच पाठवा," पंचफुला म्हणाली, आणि कापडाची घडी तिनं जशीच्या तशी परत त्यांच्या हातात दिली. "माप देऊ द्या. वाकून."