विहिरीची दुपार

दुपारचे अडीच वाजले होते. मी कमरेला दोर बांधून विहिरीच्या काठावर उभी होते आणि दोराचं दुसरं टोक धरायला विहिरीचे मालक आबा तयार नव्हते.

"बेटा, दुपारले या हीरमा उतरानं नही," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

"आबा, दिवा हिरवा आहे, बघा ना."

दिवा खरंच हिरवा होता. तो मीच बनवला होता.

आधी हा दिवा काय ते सांगते. धुळ्याला पर्यावरणशास्त्रात माझी पीएचडी चालू आहे आणि देवपुरात एका गाळ्यात माझी कंपनी आहे. कंपनी म्हणजे मी, दोन टेबलं आणि कायम कुणाच्या तरी लग्नाला गेलेला एक पार्टनर. आमचं यंत्र एकच. गाळ काढायला, मोटर दुरुस्त करायला माणसं जुन्या विहिरीत उतरतात आणि कधी कधी वर येत नाहीत. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड, त्याला ना रंग ना वास. फार साचला असेल तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. आमचा सेन्सर तळाजवळ भिंतीत ठोकलेला असतो. तो हवा मोजतो आणि काठावरच्या डबीला कळवतो. हिरवा दिवा म्हणजे उतरा, लाल म्हणजे थांबा.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आबांचं शेत आहे. तिथे आम्ही पहिली डबी लावली होती. एक संस्था ही यंत्रं गावोगाव बसवणार होती. आधी चार विहिरींवर चाचणी, मग ऑर्डर. त्या संस्थेच्या मॅडमचा त्या दिवशी सकाळीच फोन आला.

"मानसी, तुमचं यंत्र दुपारी झोपतं का?"

"म्हणजे?"

"आबांच्या विहिरीचा ग्राफ बघतेय. रोज दोन ते पाच जागा कोरी. एकही दिवस चुकलेला नाही."

"सेन्सर तापत असेल मॅडम, मे महिना आहे. बदलून टाकते."

"आजच बदला. उद्या आमची माणसं बघायला येताहेत."

कोरी जागा मला नवीन नव्हती. दुपारी तो सेन्सर एकच आकडा धरून बसायचा, तीन-तीन तास. हवेचा आकडा जरा तरी हलतो. अजिबात हलत नाही तो सेन्सर अडकलाय, असं आम्ही शिकलो होतो. म्हणून प्रोग्राममध्ये मी एक फिल्टर टाकला होता. आकडा हलेनासा झाला की तो ग्राफमधून फेकून द्यायचा आणि दिव्यासाठी अडकण्याच्या तासभर आधीचा चांगला आकडा खरा धरायचा. आमच्या धंद्यात याला डेटा साफ करणं म्हणतात. सगळेच करतात, त्यामुळे करताना काही वाटत नाही.

बिघाड दुपारी होतो तर चोराला दुपारीच पकडू, असं ठरवून मी धुळ्याहून निघाले. सोनगीर ओलांडेपर्यंत माझं भाषणसुद्धा तयार होतं, उद्याच्या पाहुण्यांसाठी.

आबांच्या शेतात वारा पूर्ण पडला होता. पळसाचं पान हलत नव्हतं. विहीर खोल आणि कोरडी ठक्क. तळाशी पूर्वी मारलेल्या बोअरचं काळं तोंड तेवढं उघडं पडलं होतं. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरांचे. पाण्याकाठच्या या सात जणी माणसाला खाली ओढतात, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी आत वाकून पाहिलं आणि तोंडावर गार हवा आली.

ती खालून येत होती. झुळूक नव्हे, झुळूक येते आणि जाते. ही थांबतच नव्हती. वर सगळं निपचित पडलंय आणि जमिनीच्या पोटातून कुणीतरी संथपणे श्वास सोडतंय, असं वाटलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी एमएस्सीला पहिली आले होते, हे मी स्वतःला मुद्दाम आठवून दिलं.

"पारवा दख," आबा म्हणाले.

विहिरीच्या कपारीत पारवे राहतात. ते सगळे बाहेर येऊन काठावर ओळीने बसले होते. एकही घुमत नव्हता.

"बठ्ठा बाहेर शेतस. ऊन उतरनं की परत आत जातीन. ही हीर दुपारले श्वास सोडस, बेटा."

मी हसले. खरं तर घाबरले होते म्हणून हसले. आबा रागावले नाहीत. झोपडीतून त्यांनी बादली आणली, तिच्यात पेटती पणती ठेवली आणि बादली हळूहळू आत सोडली. दोघंही वाकून बघत राहिलो. अर्ध्याच्या थोडं खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली. फडफडली नाही. वातीवरून जराशी वर उचलली गेली आणि नाहीशी झाली.

"वारा," मी म्हणाले. बादलीच्या आत वारा कुठून येणार, हे बोलतानाच कळत होतं.

आबांनी पणती वर घेतली, पेटवली, पुन्हा सोडली. दोराच्या त्याच गाठीला ज्योत पुन्हा गेली. काठावरची माझी डबी हिरवीगार.

"तुना दिवा हिरवा शे. मना दिवा दोनदा इझी गया," आबा म्हणाले. "आते तूच सांग, कोणतं खरं?"

मी लिंबाखाली बसून लॅपटॉप उघडला आणि फिल्टर काढून टाकला. सगळा कच्चा डेटा समोर आला. रोज सकाळी आकडा खाली. एकनंतर झपाट्याने चढायला लागतो. दोनला वर जाऊन टेकतो आणि पाचपर्यंत तिथेच सरळ रेघ. ज्या आकड्यावर तो टेकत होता, ती आमच्या स्वस्त सेन्सरची शेवटची मर्यादा होती. दहा किलोच्या काट्यावर गव्हाचं पोतं ठेवलं तरी काटा दहाच दाखवतो. सेन्सर अडकला नव्हताच. तो रोज तीन तास गळा काढून ओरडत होता आणि मी त्याचं तोंड दाबून दुपारी एकच्या हवेवर हिरवा दिवा लावत होते. आबांनी दोर धरला असता तर मी आता खाली असते.

मग हवामानाचे आकडे काढले आणि कोडं सुटलं. दुपारी हवेचा दाब थोडा उतरतो, रोजच. दाब उतरला की जमिनीच्या भेगांमधली कोंडलेली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा बोअरच्या तोंडातून बाहेर पडते आणि विहिरीत साचते. रात्री-सकाळी दाब वाढला की उलट, वरची चांगली हवा आत ओढली जाते. विहीर खरंच श्वास घेत होती. भीती कुठल्या कुठे पळाली. मला इतका आनंद झाला की मी आबांना शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं.

आबांनी ग्राफवर बोट ठेवलं. "ही सकाय शे?"

"हो."

"सकायले हवा चांगली ऱ्हास?"

"रोज चांगली. हे बघा ना, एकही दिवस अपवाद नाही. आसरा-बिसरा काही नाही आबा, सगळा वेळेचा खेळ आहे."

आबांचं बोट तिथंच राहिलं.

"मना धाकला भाऊ याच हीरमा गया," ते म्हणाले. "बोअर मारं, त्याच उन्हायाले. पाईप काढाना व्हता. तो सकायलेच उतरी राहिंता. मीच सांगं, जेवीसन उतर."

तुम्हाला कसं कळणार होतं आबा, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली, पुढे झाले आणि माझ्या कमरेचा दोर सोडायला लागले. तो मी विसरलेच होते.

तिथूनच मी मॅडमना फोन केला. "चारही डब्या आज काढून आणतेय. दिवा खोटं दाखवतो."

"सेन्सर खराब निघाले?"

"नाही मॅडम. सेन्सर बरोबर होते. चूक माझी आहे."

मग त्या म्हणाल्या, "आधी काढा. बाकीचं नंतर बोलू."

ऑर्डर लांबली. नव्या यंत्रात मोठ्या मर्यादेचा सेन्सर आहे, ऑक्सिजनही मोजतो आणि फिल्टर नाही. यंत्राला कळेनासं झालं की दिवा लाल होतो. दिवा हिरवा असला तरी पणती आधी सोडा, असं डबीवरच छापलंय. पार्टनर म्हणतो, यानं आपल्या मालाची किंमत कमी होते. होऊ दे.

दुसरा धडा कुठे छापता येत नाही. इतकी वर्षं आबांचा भाऊ आसरांनी नेला होता. मी पाच मिनिटांत तो दोष त्यांच्या पदरात टाकला, तोही हसत हसत, ग्राफ दाखवून. आता नव्या गावात गेले की मी लॅपटॉप उघडत नाही. आधी विचारते, या विहिरीत कोणी गेलंय का.