तिसऱ्या कळशीतला फोटो

"थांबा, कळेल." आमच्या विज्ञानाच्या सरांचं हे वाक्य. उजव्या हाताचं बोट नाकासमोर उभं धरायचं आणि म्हणायचं. सर, परीक्षेला काय येणार? थांबा, कळेल. एस.टी. कधी येणार? तेच. कशाचीच घाई नसलेला असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहायचो, त्यामुळे मला ते सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागे.

नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी आमचं गाव. गावाबाहेरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड पुण्याहून आलेल्या संशोधकांनी खणलं आणि खाली हजारो वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. रंगीत खापरं, धान्याचे जळके दाणे आणि एक दगडी पाटा. संशोधक निघून गेले, सर मात्र त्यात अडकले ते कायमचे. या शोधाचं स्मारक झालंच पाहिजे, असं म्हणत ते दारोदार फिरले आणि एस.टी. स्टँडसमोर काळ्या दगडाचा खांब उभा राहिला. त्यात तीन कोनाडे, प्रत्येकात तांब्याची एक कळशी. आत आपल्या काळातल्या वस्तू घालायच्या, तोंड झाळून टाकायचं आणि कोनाडा चिऱ्याने बंद करायचा. पहिली कळशी पंचवीस वर्षांनी उघडायची, दुसरी पन्नास आणि तिसरी शंभर. पुढच्यांना आपल्यासाठी टेकाड खणावं लागू नये, हा सरांचा हिशोब.

घराघरातून वस्तू आल्या. बांगड्या, बाजरीचं कणीस, साबणाची वडी, एस.टी.चं तिकीट. एका म्हातारीने आपला कुंकवाचा करंडा दिला आणि "मधीच कुनी काढनार न्हाई ना?" असं पुन्हापुन्हा विचारलं. सरांनी छातीवर हात ठेवला. "मुदतीआधी कोणी हात लावणार नाही आजी. मीसुद्धा नाही."

तिसऱ्या कळशीसाठी त्यांना पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईचा फोटो हवा होता. तेव्हाचा पाटा आणि आपला पाटा एकच, हे शंभर वर्षांनंतरच्या लोकांना दिसलं पाहिजे. बाई घरातलीच होती, सरांची बायको, आमच्या वहिनी. नगरहून फोटोग्राफर आला तशा वहिनी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून पाट्याशी बसल्या. सर वैतागले.

"अगं, रोज अशी वाटतेस का? शास्त्राचं काम आहे हे."

वहिनी आत गेल्या आणि रोजचं ठिगळाचं लुगडं नेसून आल्या. नथही काढून ठेवली होती. मला ते बघवलं नाही, पण नवराबायकोत बोलणार कोण?

फोटो आला तो नेमका कळश्या बंद करायच्या समारंभाच्या सकाळी. वहिनी हात पुसत दारात आल्या. "अहो, मला बगू द्या की. लई वाईट आलीया का मी?"

सर त्या दिवशी घाईत होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "एकच प्रत आहे, डाग पडतील. दुसरी मागवलीय. थांब, बघशील."

फोटो कळशीत गेला आणि दुसरी प्रत आलीच नाही. फोटोग्राफरने नगरचं दुकान बंद केलं आणि तो कुठे गेला त्याचा पत्ता लागला नाही. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्यातच वहिनी काविळीने गेल्या. त्यांचा तेवढा एकच फोटो होता, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. लग्नात फोटो काढायची रीत आमच्याकडे कुठली?

तेराव्याच्या आधी सर माझ्याकडे आले. "तुम्ही काढा," म्हणाले. मी कागद घेऊन बसलो. वहिनींचा पदर कायम पुढे ओढलेला, मी त्यांना कधी धड पाहिलं नव्हतं.

"नाक कसं होतं, सर?"

"नाक... साधंच."

"आणि कपाळ?"

सरांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं आणि खाली घेतलं. खापरावरची नक्षी हा माणूस डोळे मिटून काढून दाखवायचा. मी जमेल तसं चित्र काढलं. "ही नाही," ते म्हणाले आणि कागद नीट घडी करून मला परत दिला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

शेवटी सरपंच म्हणाले, "सर, खांब आपलाच हाय. एक चिरा काढू, फोटो घिऊ, परत बशिवू. कोन इचारतंय?" चिरा काढायचा ठरला त्या सकाळी सरांनी घरातल्या भिंतीत वहिनींच्या फोटोसाठी खिळा ठोकून ठेवला. गवंडी पहार घेऊन खांबापाशी आला. करंड्याची म्हातारीही आली होती. "काढा सर," ती म्हणाली, "माजं काय न्हाई."

सरांनी चिऱ्यावर तळवा ठेवला. आता हो म्हणतील असं मला वाटलं.

"तिला थांब म्हटलं होतं," ते म्हणाले. "आता मी कसा बघू?"

गवंडी पहार घेऊन परत गेला. त्यानंतर ते बोटही उभं राहिलं नाही आणि ते वाक्यही मी ऐकलं नाही. पोरं मुद्दाम विचारायची, सर फळ्याकडे वळायचे.

सर गेले तेव्हा शाळेच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून आणला. भिंतीत खिळा दिसला म्हणून कुणीतरी तो त्यावर अडकवायला गेलं. मी हात धरला आणि शेजारी दुसरा खिळा ठोकला.