दुसऱ्या रकान्यातली पसंती

१९८६च्या उन्हाळ्यात चुडाव्याच्या नागनाथला कावीळ झाली. दिल्लीत आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या एम.ए.चे पहिले वर्ष संपवून तो घरी आला, तो डोळे हळदीसारखे पिवळे घेऊनच. आई सगुणाबाईंनी त्याला उसाच्या रसावर आणि बिनतेलाच्या वरणावर ठेवले होते. अशात दिल्लीहून मित्राने एक फॉर्म पाठवला. पुढच्या वर्षी जगातला कोणता प्रदेश खास अभ्यासायचा, त्याच्या दोन पसंत्या लिहायच्या होत्या.

नागनाथचे मन पश्चिम आशियावर होते. त्याला कारण दिनकरराव. निजामाच्या काळात कचेरीत पेशकारी, म्हणजे कारकुनी, केलेले हे गृहस्थ गावाची जुनी उर्दू कागदपत्रे वाचून देत. एकदा आईबरोबर कागद घेऊन आलेल्या नागनाथला त्यांनी ओट्यावर बसवले आणि अलिफ-बे गिरवायला लावले. पुढे अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीनंतर गावाने नागनाथच्या बौद्ध वस्तीशी बोलणे टाकले. तेव्हाही दिनकरराव वस्तीच्या तोंडाशी येऊन हाक मारीत, "नागनाथ, सबक राहिलाय तुझा!" त्या अक्षरांच्या बळावर अरबी-फारसीची त्याला भीती उरली नव्हती.

वडील आश्रुबा चुडावा स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलून देणारे पॉइंट्समन होते. मुलाच्या अभ्यासात त्यांनी कधी तोंड घातले नव्हते. पण फॉर्म हा त्यांचा प्रांत.

"पयल्या रकान्यात मनातलं लिहू नको," ते म्हणाले.

"का बाबा?"

"वीस वर्सं बदलीच्या अर्ज्या भरायलोय. पयलं मागितलेलं साहेब कधी देत न्हाई. म्या पयलं पूर्णा लिवलं, दुसरं चुडावा. म्हणून तर घरची भाकर खायलोय."

रेल्वेतले बहुतेक लोक असेच करीत. नागनाथ आजाराने थकलेला, त्यात बापाने जन्मात पहिल्यांदा सल्ला दिलेला. त्याने पहिल्या रकान्यात आग्नेय आशिया लिहिले, दुसऱ्यात पश्चिम आशिया. पाकीट आश्रुबांनी स्वतः टपालात टाकले.

आठवड्याने दिनकरराव विचारपूस करायला आले. सगळे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आश्रुबा, लेका, ती काय रेल्वे हाय? पोरगा मार्कानं वर हाय. तिथं पयलं मागितलं की पयलंच देतेत!"

आश्रुबा बसल्या जागचे उठले. "शेवटची तारीख कवाची?"

"सोमवारची," नागनाथ म्हणाला. तो दिवस बुधवार होता. "राहू द्या बाबा. तेही शिकायला चांगलंच आहे."

"मनापासून बोलायलास का?"

नागनाथने भिंतीकडे तोंड फिरवले.

त्याच संध्याकाळी आश्रुबांनी रजा टाकली. पसंती बदलण्याचा मुलाच्या सहीचा अर्ज आणि रेल्वेचा पास खिशात, भाकरीचे फडके काखेत. खांडव्याला गाडी बदलून शुक्रवारी दुपारी ते दिल्लीत त्या ऑफिसच्या खिडकीशी उभे राहिले.

"लडका कहाँ है?" कारकुनाने विचारले.

"बीमार है, साब. गलती उसकी नइं, मेरी है." आश्रुबांनी आपल्या दखनी बोलीत रेल्वेचा सगळा रिवाज समजावून सांगितला. कारकून इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेजारच्या टेबलावरच्यांनाही त्याने ऐकायला बोलावले. मग यादी चाळून तो गंभीर झाला. नागनाथचे नाव सगळ्यांत वर होते. सोमवारी आग्नेय आशिया पक्का झाला असता. त्याने अर्ज घेतला, फॉर्मवरच्या पसंत्या खोडून उलट्या केल्या, साहेबांची सही आणली.

"चाचा, यह मुल्क है कहाँ, मालूम है?"

आश्रुबांनी नकारार्थी मान हलवली. कारकून उठला आणि त्यांना भिंतीवरच्या नकाशाजवळ घेऊन गेला.

रविवारी ते परतले, तेव्हा नागनाथ उंबऱ्यातच बसला होता.

"झालं. पयलं ते दुसरं, दुसरं ते पयलं," आश्रुबा म्हणाले. "लय भला माणूस हुता. नकाशा बी दावला. म्या हात ठिवून पाह्यला, पंजात मावत न्हाई. लय शिकावं लागंल रं तुला."

नागनाथ उंबऱ्यावरून उठला. तो वाकला, तसे आश्रुबा मागे सरकले.

"माझ्या काय पाया पडतूस? म्या तर घोळ घातला. दम आसंल तर चल, दिनकररावाकडं जाऊ."

नागनाथने बापाच्या खांद्यावर हात टाकला. आजारानंतर पहिल्यांदाच तो घराबाहेर पडला. दर दहा पावलांवर थांबत, दोघे गावाकडे निघाले.